कोरड्या नदीकडे जाणारी डोंगी

लांबून पाहणाऱ्याला आधी डोंगीच दिसायची. पत्र्याची छोटी होडी, हिरवी, पालथी. जवळ आल्यावर कळायचं की डोंगीखाली दोन पाय आहेत, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला आहे आणि टायरच्या चपला आहेत. एप्रिल महिना, नदीत वाळू तापलेली, आणि हा माणूस डोक्यावर डोंगी घेऊन नदीकडे निघालेला. मोटारसायकलवाले थांबायचे.

"काय बाबा, पाणी कुठी हाये?"

डोंगीखालून आवाज यायचा, "पाणी येते आपल्या टायमानं. मी चाललो माह्या टायमानं."

ते दौलतबाबा. आमच्या गावचे रिटायर कोतवाल.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. बोरी अरबहून जीपनं यावं लागतं. अडाण नदी गावाला वळसा घालून जाते. गावापासून नदीपर्यंत एक पांदण आहे, म्हणजे दोन बाजूंच्या शेतांमधून जाणारी जुनी गाडीवाट. ती जिथं सुरू होते तिथं शेवटचं घर आमचं. त्यामुळे बाबांना मी जितक्या वेळा जाताना पाहिलं, तितक्या वेळा त्यांच्या घरच्यांनीही पाहिलं नसेल. मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी लपवत नाही; ज्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढं गेलं नाही, तिथून बी.ए. होणं काय असतं ते मला माहीत आहे. बाबांनाही माहीत होतं. माझा निकाल लागला त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव टाकून दिलं. रस्त्यात, दुकानात, मयतीलाही ते मला एकच हाक मारायचे. "ओ बीए!"

कोतवाल म्हणजे गावातला सरकारचा सगळ्यात शेवटचा माणूस. दवंडी द्यायची, नोटिसा वाटायच्या, तलाठ्याच्या मागं शेतोशेती फिरायचं आणि पंचनामा झाला की पंच म्हणून सही करायची. बाबांना वाचता येत नव्हतं. सही मात्र येत होती. नोकरी लागताना अंगठा नको म्हणून त्यांनी शाळेच्या गुरुजींकडून तेवढी एक शिकून घेतली होती. सही करताना ते खाली बसायचे, कागद मांडीवर घ्यायचे, आणि एकेक अक्षर विळ्यानं कापल्यासारखं जपून काढायचे. शेवटी खाली एक रेघ. ती रेघ ओढली की वर पाहायचे, समोरचा माणूस सही पाहतो आहे ना म्हणून.

गावात कोणाचं घर जळालं, कोणाचा बैल पुरात गेला, कोणावर वीज पडली, त्या प्रत्येक कागदावर ती रेघ होती.

डोंगी त्यांनी स्वतःच्या पदरमोडीनं केली होती. पूर आला की पलीकडची वस्ती तुटायची आणि नोटीस पोचवायची तर कोतवालानं. सरकारनं होडी कधी दिली नाही. मग त्यांनी वेल्डिंगवाल्याकडून जुन्या ड्रमच्या पत्र्यांची डोंगी करवून घेतली आणि शाळेच्या खिडक्यांना लावून उरलेला हिरवा रंग तिला दिला. दोन माणसं बसतील एवढीच. लस टोचणारी नर्सबाई तिच्यातून पलीकडे गेली, मतदानाची पेटी गेली, आणि बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मीही गेले. दोन दिवस पूर उतरत नव्हता आणि माझा पेपर होता. बाबा घरी आले, आईला म्हणाले, "स्टीलचा डबा दे, घट्ट झाकणाचा." माझं हॉल तिकीट त्यांनी त्या डब्यात घातलं, झाकण लावलं, वरून दोरी बांधली आणि डबा माझ्या हातात दिला.

"मले पोहता येते. तुले येत नाई. डब्बा तरंगते. काई झालं तं डब्ब्याले धरजो."

मी विचारलं, "डब्बा वाचवायचा का मले?"

"दोनी. एकाशिवाय दुसऱ्याचा काय उपेग?"

पूर्ण नदी ओलांडेपर्यंत ते पुढं एक शब्द बोलले नाहीत. पाण्यात असताना ते बोलत नसत. पाणी बोलत असतं तेव्हा आपण ऐकायचं, एवढंच त्यांचं म्हणणं.

आमच्या पांदणीच्या खाली नदीत काळ्या खडकांची एक रांग आहे. तिला आम्ही दाताड म्हणतो. पावसाळ्यात धरणातून पाणी सुटलं की दाताडावर असा फेस उसळतो की काठावर उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. त्याच्या खाली खोल डोह आहे. सात-आठ वर्षांपूर्वी पुण्याची काही मुलं जीपच्या टपावर लाल-पिवळ्या प्लॅस्टिकच्या निमुळत्या होड्या बांधून तिथं आली. डोक्याला हेल्मेट, अंगात फुगीर जाकिटं. उसळत्या पाण्यातून होडी काढायची, हा त्यांचा खेळ. त्यांच्यातली ऋता नावाची मुलगी पुढारी होती. गावानं त्यांना वेड्यात काढलं. बाबा काठावर बसून सगळं पाहत होते. एक मुलगा उलटला, खडकावर खांदा आपटला, कसाबसा बाहेर आला. तेव्हा बाबा उठले.

"पोरी, तुमी चुकीच्या टायमाले आल्या."

ऋता म्हणाली, "बाबा, पाणी तर आत्ताच आहे."

"म्हणूनच तं. पाणी असते तवा नदी झाकलेली राह्यते. उन्हाळ्यात ये. दाखवतो."

आणि ती खरंच मे महिन्यात आली. दोघं भर उन्हात कोरड्या पात्रातून दाताडामधून चालत गेली. कुठला खडक आतून पोखरलेला आहे, कुठं पाणी माणसाला खाली ओढून धरतं, कुठल्या फटीतून डोंगी निघते, हे बाबांनी तिला हातानं खडक चाचपून दाखवलं. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्यातलं कोणी आपटलं नाही. मग ती मुलं दरवर्षी यायला लागली. येताना बाबांसाठी काही आणायची, बाबा ते वाटून टाकायचे. एकदा हेल्मेट दिलं. ते त्यांनी कोंबडीला अंडी घालायला ठेवलं.

मग पांदणीला गेट बसलं.

नदीकाठची शेतं बाहेरच्या एका माणसानं विकत घेतली होती. गावानं त्यांना कधी नीट पाहिलं नाही, सगळे नुसतं 'मालक' म्हणायचे. तारेचं कुंपण आलं, पांदणीच्या तोंडाशी लोखंडी गेट आलं, गेटवर वॉचमन आला. मासे धरणारे परत फिरले. गुरं पाण्यावाचून परत फिरली. ऋताची जीप परत फिरली. आणि थोड्याच दिवसांत गेटच्या आतल्या बाजूनं वाळूचे ट्रॅक्टर चालायला लागले. ते कोणाचे, हे मी इथं लिहिणार नाही, कारण माझ्याकडे पुरावा नाही. पण पलीकडच्या काठावरून दिसायचं की डोहाच्या कडेची वाळू खरवडली जाते आहे. त्या वाळूत मासे अंडी घालायचे.

त्या दिवशी बाबा आमच्या ओट्यावर बसून म्हणाले, "ज्या नदीले वाट नाई, बीए, तिले साक्षीदार नाई. कोनी काईबी करून घ्याव."

मी बोरी अरबला लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं दुकान चालवते. अर्ज लिहिणं हे माझं काम. गावाच्या सह्या घेऊन पांदण मोकळी करण्याचा अर्ज मी लिहिला आणि पहिलं नाव दौलतबाबांचं घातलं. दारव्ह्याला तहसीलदारांपुढं तारीख लागली. त्याआधी मालकांच्या वकिलांनी त्यांचे कागद दिले. त्यांची नक्कल माझ्या हाती आली तेव्हा मी ती दुकानात उभ्या उभ्या वाचली आणि खाली बसले.

फार वर्षांपूर्वी, आधीच्या मालकाच्या वेळेला झालेला एक पंचनामा होता. त्यात लिहिलं होतं, सदर शेतातून नदीकडे जाणारी वाट अस्तित्वात नाही. खाली पंचाची सही. एकेक अक्षर जपून काढलेलं. खाली रेघ.

मी तो कागद बाबांना वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग कागद हातात घेतला आणि सहीवरून बोट फिरवलं.

"माहीच हाये."

"तुम्हाले काय लिवलं ते सांगतलं नव्हतं?"

"तलाठीसाहेब म्हणे, दौलत, कर सही. मी केली. सही म्हणजे मी तथी होतो, येवढंच मले माहीत." कागद माझ्याकडे परत देत ते म्हणाले, "म्हणजे वाट मीच बंद केली."

आता मी जे सांगणार आहे ते मला आवडत नाही, पण सांगते. मी शिकलेली. मी त्यांना म्हणाले, "बाबा, तुम्ही तारखेले सांगा, ही सही माही नाही. जुना कागद हाये, अक्षर थरथरतं दिसते. कोण सिद्ध करते?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी डिग्री कुठं ठेवावी कळेना.

"बीए, रुखमाच्या नवऱ्यावर वीज पडली तवा कागदावर कोनाची सही हाये? वस्तीत सात घरं जळाली, त्याच्यावर कोनाची? एक सही खोटी म्हणलं का साऱ्याच खोट्या. उद्या कोनी म्हणन, तो कोतवाल तं खोट्या सह्यावालाच होता. मंग त्या बाईनं कोनाकडे पाहाव?"

तारखेला वकिलांनी कागद पुढं धरला. "ही सही तुमची?"

"माही."

"म्हणजे वाट नव्हती, हे तुम्ही मान्य करता."

"सही खरी हाये. लिवलेलं खोटं हाये. मी वाचलं नाई, मले वाचता येत नाई. चूक माही."

"म्हणजे तुम्ही खोट्या कागदावर सही केली?"

"केली." बाबांचा आवाज खाली गेला होता, पण थांबला नाही. "पन साहेब, येक इचारतो. तो पंचनामा नदीच्या काठावर बसून लिवला. आमी तथी कोन्या वाटेनं गेलतो? त्याच पांदणीनं गेलतो. वाट नाई असं लिवायले वाटेनंच गेलतो."

मागं बसलेले लोक हसले. तहसीलदार हसले नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

वकिलांनी मग आमच्या अर्जाला जोडलेलं, 'आम्हीही याच वाटेनं जातो' असं ऋताच्या लोकांचं पत्र उचललं. ही शहरातली हौशी मंडळी, चार दिवस मौजेला येतात, त्यांच्यासाठी वाट कशाला?

"हौशीनं आले म्हणून पाय खोटे होते काय?" बाबा म्हणाले. "वरात बी हौशीनंच जाते. तिले रस्ता नाई देत काय?"

त्या दिवशी निकाल लागला नाही. एवढंच ठरलं की अंतिम निकालापर्यंत पायी जाणाऱ्याला अडवायचं नाही, वाहन मात्र न्यायचं नाही. आणि वाट खरंच बारमाही वापरात आहे का, ते पाहणीत तपासू. वकील जाता जाता आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आठ महिने नदीत पाणी नसतं. तिकडं जाणार कोण?"

पुढच्याच बुधवारी सकाळी बाबांनी डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर डोंगी पालथी घातली आणि गेटशी जाऊन उभे राहिले. मी मागं होते.

वॉचमन म्हणाला, "बाबा, होडी नाही नेता येत. होडी म्हणजे वाहन."

"चाक दाखव."

"पण वाहनच ना ते?"

"डोक्यावर हाये ते ओझं. गवताचा भारा असो का डोंगी. पान्यात टाकलं का वाहन, तथीपर्यंत ओझं. लाव फोन मालकाले."

त्यानं फोन लावला, बराच वेळ बाजूला जाऊन बोलला, आणि परत येऊन गेट उघडलं. उघडताना हळूच म्हणाला, "मान दुखन ना बाबा."

"माही मान हाये. तू गेट सांभाळ."

तेव्हापासून दर बुधवार. बुधवारच का, तर तो त्यांचा तहसिलीत हजेरी द्यायचा वार होता. पायाला सवय होती म्हणे. आमच्या घरासमोर आले की आतून डोंगीवर तीनदा बोटं वाजवायचे. "ओ बीए, पाह्यलं?" मी दारात येऊन म्हणायची, "पाह्यलं." हा आमचा पंचनामा. नदीत पोचल्यावर वाळूवर डोंगी सरळ ठेवायचे, तिच्यात बसायचे, एक बिडी संपेपर्यंत डोहाकडे पाहायचे आणि परत. मी एकदा विचारलं, बसायचं कशाला? म्हणाले, "डोंगीत बसलं नाई तं डोंगी आणली कायले?"

बुधवारी ट्रॅक्टर दिसेनासे झाले. मग बाबांनी शुक्रवारही धरला. मग सोमवार. वाळू उचलणाऱ्यांना कोणी जाब विचारला असं नाही. पण एक म्हातारा कोरड्या नदीत डोंगी घालून तुमच्याकडे नुसता बघत बसला, की माणसाचा हात जड होतो.

गावानं टिंगल केली. 'डोंगीवाला बाबा' असं नाव पडलं. त्यांच्या सुनेनं आमच्या आईपाशी येऊन डोळ्याला पदर लावला, "लोक हासतात वो काकू." बाबांना कोणी समोर म्हणालं की ते शांतपणे सांगायचे, "वाट म्हणजे दुसरं काय असते? काल कोनी गेलतं म्हणून आज आपुन जातो." त्या पावसाळ्यात ऋताचे लोक आले. जीप गेटबाहेर. ऋतानं बाबांना विचारलं, होड्या खांद्यावरून नेऊ का? बाबांनी रुमालाची चुंबळ वळून तिच्या डोक्यावर ठेवली. पुढं हिरवी डोंगी, मागं लाल, पिवळी, निळी. आमच्या दारासमोरून ती रांग गेली. प्रत्येकानं आत बोटं वाजवली. मी प्रत्येकाला "पाह्यलं" म्हटलं.

दोन वर्षं गेली. तहसीलदार बदलले. बाबांना खोकला लागला, मग थांबेना. डोंगी न्यायला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागायला लागला. वाटेत ते डोंगी उतरवून तिच्याच सावलीत बसायचे. कोणी हात लावायला गेलं तर लावू देत, पण चालणं सोडलं नाही. एका शुक्रवारी मीच म्हणाले, मी नेते. नेली. गेटपर्यंत माझी मान मोडली. त्यांच्या वयाला काय होत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

पाहणीची तारीख मे महिन्यात लागली. नव्या तहसीलदार मॅडम जीपनं आल्या, गेटबाहेर उतरल्या आणि चालत पांदणीनं निघाल्या. दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत होतं आणि मधोमध वीतभर रुंदीची, टणक, घासलेली पायवाट नदीपर्यंत गेली होती. मॅडम तिच्याकडे पाहत पाहत चालल्या. बाबा मागून डोंगी घेऊन येत होते. काठावर सगळे बसले, आणि तलाठ्यांनी पंचनामा लिहिला. पंच म्हणून बाबांपुढं कागद आला.

त्यांनी तो घेतला आणि माझ्याकडे धरला. "वाच."

तलाठी म्हणाले, "बाबा, मी आत्ताच वाचून दाखवला की."

"तुमी लिवला. आता तिले वाचू द्या."

मी मोठ्यानं वाचला. पायवाट दिसून येते, ती नदीपात्रापर्यंत जाते, वापरात आहे. एका ओळीशी बाबांनी हात वर केला. "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचली. सदर वाट पावसाळ्यात वापरात असल्याचे दिसून येते.

"पावसाळ्यात?" बाबांनी कोरड्या पात्राकडे पाहिलं. "मॅडम, आज कोनता महिना हाये? आन आपुन कोन्या वाटेनं आलो?"

मॅडम तलाठ्यांना म्हणाल्या, "बारमाही लिहा."

शब्द दुरुस्त झाला. बाबांनी तो मला तिसऱ्यांदा वाचायला लावला. मग वाळूवर बसून कागद मांडीवर घेतला आणि सही केली. एकेक अक्षर. फार वेळ लागला. मॅडम उभ्या राहिल्या, घाई केली नाही. शेवटी रेघ ओढली आणि वर पाहिलं.

आदेश पावसाळ्यात आला. गेट निघालं, खांब तेवढे राहिले. तो आदेश मी चावडीसमोर मोठ्यानं वाचला, तेव्हा ऐकायला बाबा नव्हते. पाहणीनंतर महिनाभरातच ते गेले. डोंगी आता आमच्या भिंतीला टेकून असते. कोण कधी नेतं ते मी सांगत नाही, पण पायवाटेवर गवत आलेलं नाही.

मला आठवतो तो पाहणीचाच दिवस. जीप निघून गेली. सगळे गावाकडे वळले. बाबा घरी येऊन पाणी प्यायले, आणि थोड्या वेळानं मला डोंगीवर तीन बोटं वाजल्याचं ऐकू आलं. दारात आले तर ते पुन्हा नदीकडे तोंड करून उभे.

मी ओरडलेच, "बाबा, आता कायले? सकाळीच तं नेली. सारं झालं."

"सकाळी पाहणीसाठी नेली. आज बुधवार हाये. बुधवारची कुठी नेली?"

"एक बुधवार नाही नेली तर काय होते?"

डोंगीखाली खोकला झाला. तो थांबेपर्यंत मी उभी राहिले.

"आत्ताच बारमाहीवर सही करून आलो, बीए. आज खाडा केला तं तो कागद बी खोटा होत नाई का?"

मी म्हटलं, "पाह्यलं."

ते निघाले. उन्हात पांदणीचा फुफाटा पांढरा दिसत होता. गेटशी वॉचमन आधीच उभा होता, त्यानं दार लोटलं. पुढं काठाचा उतार लागला तेव्हा आधी चपला दिसेनाशा झाल्या, मग पायजमा, मग खाकी सदऱ्याची बाही. थोडा वेळ नुसती डोंगीच चालत होती.